पाठीतलं लोखंड

मागच्या वर्षी रोहिणी निघून दोन-चार दिवस झाले असतील. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून लेकरांना घेऊन गावाकडं गेलो होतो. दुपारभर नुसती लाहीलाही झाली, पत्र्याखाली बसवेना, आणि चारच्या सुमाराला एकदम भरून आलं. अंगणातला लिंब आधी गप्प झाला, मग त्याची पानं उलटीपालटी व्हायला लागली. वाळत घातलेले कपडे, मिरच्या, शेवया आत घ्यायची एकच धांदल उडाली. माय ओसरीवर खुर्चीत बसून हे उचल, ते झाक असं सांगत होती. पहिली वीज लखलखली आणि ती उठली. मला वाटलं, देवापुढं दिवा लावायला निघाली असेल. तिनं आधी दारामागचा विळा आणि खुरपी अंगणात टाकायला सांगितली, ही आमच्या घरातली जुनीच रीत. मग पायातली जोडवी काढून देवळीत ठेवली आणि भिंतीला धरत धरत मधल्या अंधाऱ्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या पलीकडं, घोंगडीवर जाऊन बसली. धाकटा तिच्या मागोमाग गेला. त्याला विजेची भीती वाटते, आणि भीती वाटली की आज्जीच्या पदराखाली शिरायचं हे त्याचं ठरलेलं. तर मायनं हात पुढं करून त्याला लांबूनच थांबवलं. "माझ्याजवळ येऊ नकु रं बाबा. तुझ्या मम्मीकडं जा. पळ." तो तिथंच उभा राहिला. आपलं काय चुकलं हे कळत नसलेल्या लेकराचा चेहरा कसा होतो, तसा झाला होता त्याचा चेहरा.

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, लेकराला असं का हाकललं? ती बराच वेळ बोलली नाही. सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "विळा बाहीर टाकता येतो. पाठीतलं कुठं टाकू?"

दादा, म्हणजे माझे वडील, बाजेवर पडले होते. त्यांनी कूस न बदलताच सांगितलं, "आभाळ आलं की असंच करूलाली वर्षभरापासून."

वर्षभर. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंतचा एक आख्खा पावसाळा, नंतरचा अवकाळी, गारपिटीचे दिवस, प्रत्येक वेळी ही बाई एकटी अंधारात जाऊन बसली होती. वीज आलीच तर आपल्यावर यावी, घरातल्या दुसऱ्या कुणावर येऊ नये, एवढीच तिची मांडणी. दर रविवारी मी फोनवर "पाठ कशी आहे" विचारत होतो. ती "बरी हाय" म्हणत होती. आणि ते खरंच होतं, पाठ बरी होती.

ती पडली त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिलात. कुरडयांचा दिवस होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून झाला होता, गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पडत होत्या आणि रिकामी परात घेऊन उतरताना शिडीचा पाय सरकला. आठ-नऊ फुटांवरून ती सरळ बसती खाली आली. परात फरशीवर गरगरत राहिली म्हणे किती वेळ. भावजय अजून त्या आवाजाचीच आठवण काढते. शेजारचे चार हात लगेच धावले. कुणी बगलेत हात घातले, कुणी पाय धरले, आणि आता उचलणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून, पहिल्या घरातले तात्या ओरडत आले, "हात लावू नका तिला! हात लावू नका! कवाड काढा आधी!"

तात्यांच्या त्या ओरडण्यामागं तीस वर्षांपूर्वीची एक पहाट आहे.

आमचं गाव किल्लारीपासून वीस-बावीस किलोमीटर. त्या रात्री गणपती बुडवून आम्ही पोरं गुलालासकट झोपलो होतो. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगावं. आमच्या घराच्या भिंतींना नुसते तडे गेले. तात्यांचा थोरला भाऊ मात्र तिकडं शेतीला होता, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींच्या माळवदाच्या घरात. त्याला मातीतून काढला तेव्हा तो बोलत होता. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, चादरीत घालून वाटेपर्यंत नेला, तिथून ट्रकमध्ये. तात्या ते सांगतात तेव्हा दरवेळी एकच वाक्य सांगतात, त्यात एक शब्दही इकडचा तिकडं होत नाही: "भाहीर काढला तवा पायाची बोटं हालत हुती, दवाखान्यात पोचला तवा हालत न्हवती." नंतर त्यांनी भावाला आमच्या गावी आणलं. चार वर्षं तो गल्लीतल्या पहिल्या घराच्या ओसरीवर बाजेवर पडून होता. डेटॉलचा आणि त्याखालून येणारा दुसरा एक वास आम्हा पोरांना पाठ झाला होता. एका दुपारी मी तिथून चाललो होतो. त्याच्या उघड्या पावलावरून मुंग्यांची रांग चालली होती, अंगठ्याच्या फटीतून वर घोट्यापर्यंत, आणि तो माझ्याशी हसत बोलत होता, कितवीत गेलास, मास्तर मारतो का. मी हातानं मुंग्या झटकल्या. त्यानं विचारलं, काय रे? मी काही नाही म्हणालो. तो पाठीवरच्या जखमांनी गेला. मणक्यानं नाही, जखमांनी.

म्हणून मायसाठी शेळ्यांच्या गोठ्याचं कवाड बिजागरीतून काढलं गेलं. तात्यांनी सांगितलं तसं चौघांनी तिला एकदम, ओंडका लोळवावा तसं, मान-कंबर-पाय एका रेषेत ठेवून कुशीवर वळवलं, खाली कवाड सारलं, दोन्ही बाजूंनी साड्यांच्या घड्या लावून वरून बांधलं. टेम्पोत घातलं. लातूरला दवाखान्याच्या दारात मी उभा होतो. तांबड्या मातीचे आणि लेंड्यांचे डाग पडलेल्या त्या कवाडावर माझी माय, डोळे मिटलेली, कपाळावर चिकाचा वाळलेला पांढरा थेंब. डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर पायाशी जाऊन म्हणाले, "आजी, अंगठा हलवा." हलला. दुसरा हलवा. तोही हलला, जरा उशिरानं. मग त्यांनी कवाडाकडं बघून विचारलं, हे कुणी सुचवलं?

सिटी स्कॅनमध्ये एल-वन फुटला होता. कमरेचे पाच मणके असतात, त्यातला हा पहिला. त्याच्या वर छातीचे बारा, फासळ्यांच्या पिंजऱ्यानं जखडलेले. त्याच्या खालचे मोकळे, वाकणारे. ताठपणा जिथं संपतो आणि लवचीकपणा सुरू होतो, नेमक्या त्या सांध्यावर पडण्याचा सगळा झटका येऊन थांबतो. म्हणून झाडावरून, शिडीवरून, विहिरीत पडलेल्या माणसांचा बहुधा हाच मणका किंवा याच्या वरचा बारावा मोडतो. मणक्याचा पुढचा भाग डबा असावा तसा असतो. मायचा डबा वरून चेपला होता आणि त्याचा एक तुकडा मागं सरकून नसांच्या वाटेत अडकला होता. मज्जारज्जू साधारण याच उंचीवर संपतो आणि खाली घोड्याच्या शेपटासारखा नसांचा झुबका लोंबत राहतो. तुकडा जरा वर असता, जरा आत असता, किंवा उचलताना ती कमरेत घडी झाली असती, तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं. मला म्हणजे मलाच. तिला नाही.

आणि इथंच माझी चूक सुरू होते. आपल्याकडं पेशंटला सांगत नाहीत. "तिला काही बोलू नका, घाबरंल," हे मीच म्हणालो होतो, दवाखान्यातल्या कुणी नाही. संमतीपत्रावर सही माझी. रक्कम ठरली ती माझ्याशी. योजनेत बसवायचं तर रेशनकार्डावर मायचं माहेरच्या सवयीचं नाव आणि आधारवर वेगळं. ते जुळवायला चार दिवस लागतील म्हणाले, आणि नसा दबलेल्या असताना चार दिवस थांबायची माझी छाती झाली नाही. पैसे भरले. त्यासाठी तिची बोरमाळ मोडली. तेही तिला नंतर सांगितलं. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की मणक्यात जरा गॅप पडलाय, छोटं ऑपरेशन आहे, रॉड टाकून देतील. 'रॉड टाकून देतील', हे तीन शब्दांचं औषध आपण किती सहज देतो. रॉड म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? स्लॅबच्या वेळी अंगणात पडलेली ती सळई, तांबूस, पेरापेराची, जिच्यावर दहिवर पडलं की बोटाला गंज लागतो.

मी मात्र ते सगळं बघून घेतलं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा कणा होता, त्यात स्क्रू बसवून ठेवलेले. एक सुटा स्क्रू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. लांबीला माझ्या करंगळीपेक्षा कमी, जाडी साडेसहा मिलिमीटर. हातावर वजनच लागेना. मी पोलादाच्या तयारीनं हात ताठ केला होता, तो उगाच वर गेला. आटे रुंद आणि खोल, लाकडाच्या स्क्रूसारखे, टोकाकडं निमुळते. डोकं वेगळंच, वरून उघडं, दोन कान असलेल्या वाटीसारखं, आणि बोटानं फिरवलं की सगळ्या बाजूंनी डुलणारं. मान हलते म्हणा ना. कारण प्रत्येक मणक्यात स्क्रू थोड्या वेगळ्या कोनात जातो, पण सळई सगळ्यांना एका रेषेत गाठायची असते. ती वाटीत बसली की वरून छोटा नट आवळायचा, मग मान कायमची ताठ. स्क्रू आत जातो ती जागा मी त्या प्लॅस्टिकच्या कण्यात नखानं चाचपून पाहिली. पुढचा डबा आणि मागची कमान यांना जोडणारे दोन छोटे पूल असतात, डावीकडं एक, उजवीकडं एक. पेडिकल म्हणतात त्याला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ इवलंसं पाऊल. करंगळीहून बारीक त्या पुलाच्या पोटातून स्क्रू न्यायचा, पलीकडं डब्यात रुतवायचा, आणि पुलाच्या आतल्या अंगाला लगेच नसा. तिथं एक-दोन मिलिमीटरला किंमत आहे. म्हणून टेबलाभोवती तो इंग्रजी सी-सारखा वाकडा एक्स-रे फिरवत फिरवत, दर टप्प्याला बघत काम चालतं.

सकाळी कंपनीचा माणूस हिरव्या कापडात बांधलेले पेटारे घेऊन आत गेला. साडेतीन तास. सहा स्क्रू, दोन सळ्या. बाराव्यात दोन, कमरेच्या दुसऱ्यात दोन, आणि मधल्या फुटलेल्यात दोन, तेही धरून ठेवायला. बाहेर आल्यावर फाइलमध्ये एक पान लावलेलं होतं, त्यावर एकेका तुकड्याचं स्टिकर: माप, लॉट नंबर, बारकोड. ते पान मी किती वेळा बघितलं असेल. माझ्या मायच्या पोटात नऊ महिने मी होतो तेव्हाची एक चिठ्ठीसुद्धा कुठं नाही, आणि या सहा स्क्रूंची मात्र जन्मनोंद.

ती शुद्धीवर येईपर्यंतची रात्र मी व्हरांड्यात मोबाइलवर वाचून काढली. इजिप्तमध्ये सापडलेलं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक वैद्यकीय हस्तलिखित आहे, एडविन स्मिथ पपायरस. त्यात मानेचा मणका चेपलेल्या, हातापायांची शुद्ध हरपलेल्या माणसाचं वर्णन आहे आणि खाली वैद्याचा निर्णय: यावर उपचार करू नये. इतक्या जुन्या काळी वैद्यानं हात लावून पाहिलं, लक्षणं लिहिली, आणि हात काढून घेतला. तिथून किती लांबची वाट. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन यांच्याकडं पोलिओनं कणा वाकडा झालेली लेकरं यायची. त्यांच्यासाठी त्यांनी हुकासारख्या आकड्यांची सळई केली आणि १९६२ साली ती जगापुढं मांडली. लेकरांसाठी घडवलेली ती सळई पुढं मोडलेल्या कण्यांनाही लागली. पॅरिसमध्ये रेमंड रॉय-कामीय यांनी १९६३ साली त्या इवल्या पुलातून स्क्रू घालून पट्टी बसवली. मी तिथं थांबलो. १९६३. आणि तात्यांचा भाऊ १९९३चा. तीस वर्षांत ती कला ओसरीवरच्या त्या बाजेपर्यंत पोचली नव्हती. स्क्रू बसवले असते म्हणून मेलेल्या नसा जिवंत झाल्या नसत्या, ते काम स्क्रूचं नाहीच. पण कणा घट्ट झाला असता तर त्याला आठवड्याभरात उठवून बसवता आलं असतं, चाकाच्या खुर्चीत घालता आलं असतं. पाठीवरच्या जखमा झाल्या नसत्या. तो कदाचित आज तात्यांबरोबर पारावर बसला असता.

माय तिसऱ्या दिवशी उभी राहिली. पट्टा बांधून, वॉकरला धरून, संडासापर्यंत. तीन महिने पट्टा होता. आता ती चालते, पाणी तापवते, मंदिरात जाते. खाली बसून भाकरी मात्र करता येत नाही. ओट्यापुढं उभ्यानं थापते आणि तिचं म्हणणं, उभ्यानं हात बसत नाही, भाकरीला पापुद्रा येत नाही. येतो. पण तिला तो दिसत नाही.

असं सगळं मला माहीत होतं. ज्या पाठीत ते होतं तिला माहीत नव्हतं. फाइल लातूरला माझ्या कपाटात. तिनं स्वतःचा एक्स-रे तेरा महिन्यांत एकदाही पाहिलेला नव्हता.

पुढच्याच रविवारी फाइल घेऊन एकटाच गावी गेलो. सकाळचं ऊन ओसरीच्या दारातून आत आलं होतं, त्यावर फिल्म धरली. माय जवळ आली, चष्मा वर-खाली केला. "ही मीच का?" मग बोटानं मोजायला लागली. एक, दोन... सहा. "ह्या दोन उभ्या?" त्या सळ्या. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "गंज न्हाई दिसत." आणि मग एकेक बाहेर आलं. बोअरचे पाइप वर काढले होते तेव्हा तिनं पाहिलं होतं, खाऱ्या पाण्यानं चाळण झालेली. तेव्हापासून ती बोअरचं पाणी पीत नव्हती, दादांना सांगून नदीकाठच्या आडाचं आणवत होती. लिंबू-चिंच तोंडात घालत नव्हती. पावसात भिजत नव्हती. पाठीतल्या सळईला गंज चढू नये म्हणून. दादांना वाटत होतं, आजारपणानं तोंडाची चव गेली.

मी तिला सांगितलं. हे लोखंड नाही माय, टायटॅनियम. याला हवा लागली की त्या क्षणी त्याच्यावर त्याचाच एक पापुद्रा धरतो, डोळ्याला न दिसणारा, आणि तो आतल्या धातूला मिठापासून, पाण्यापासून, रक्तापासून राखतो. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात याची नळी बसवली होती. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना. हाडानं तिला आपली म्हणून धरली होती. माय म्हणाली, "सशाच्या?" म्हटलं, हो. तिला सशाची दया आली हे दिसत होतं, पण ती पुढचं ऐकत होती. कशासाठी घातलंय ते सांगायला शब्द शोधावे लागले नाहीत. आमच्या ज्या शेळीचा पाय मोडला होता तिला कामट्या मायनंच बांधल्या होत्या, वेळूच्या चार कामट्या, वर चिंधी, त्यावर हळदीचा लेप. म्हटलं, तसंच, फक्त आतून. पाय कामटीनं जुडत नाही, हाड आपलं आपण जुडतं. कामटी तोवर हलू देत नाही. हाड जुडलंच नाही तर ही धातूची कामटीसुद्धा वाकवून वाकवून थकते आणि एक दिवस तुटते. तुझं हाड जुडलंय. हे बघ, इथं. ती लगेच म्हणाली, "मग शेळीच्या सोडल्या हुत्या की इकवीस दिवसांनी. ह्या कवा सोडायच्या?" नाही सोडायच्या. पुन्हा पाठ उघडायची कशाला? राहू देत.

"वजन किती?"

मी लॉटच्या पानावरचं माप घेतलं, सळई साडेपाच मिलिमीटर जाड, नऊ सेंटिमीटर लांब, आणि मोबाइलवर हिशेब केला. एक साडेनऊ ग्रॅमची. दोन्ही मिळून १९. पोलादाच्या असत्या तर जवळजवळ दुप्पट भरल्या असत्या. मी म्हटलं, सळ्यांचं म्हणशील तर दोन तोळ्याला एक ग्रॅम कमी.

दादा उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा शिवत होते. म्हणाले, "बोरमाळ दोन तोळ्याची हुती."

कुणीच काही बोललं नाही. फिल्म माझ्या हातात थरथरत होती, ती मी खाली घेतली.

विजेचंही सांगितलं. वीज धातू हुंगत येत नाही. उंच काय आहे, मोकळ्यात एकटं काय आहे, ते बघते. लिंबाखाली, आंब्याखाली, रानात उभा माणूस, त्याला धोका. पक्क्या घरात बसलेल्या बाईच्या पाठीत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. माय "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ पटलं असा कधीच नसतो, ऐकलं असा असतो. फिल्म पाकिटात घालताना तिनं सहज विचारलं, "सापडतं कुठं ही?" मी म्हटलं, कोकणात, रत्नागिरीकडं समुद्राच्या काठाला काळी वाळू असते, तिच्यात असतं. केरळात असतं. आणि मग आठवलं म्हणून सांगितलं, आपल्या काळ्या दगडातही असतं, शंभराला एक-दोन भाग. या दगडाचीच झिजून आपली काळी माती झाली, तिच्यातही असतं. काढण्याइतकं नाही, पण असतं.

ती थांबली. अंगणापलीकडं नांगरून टाकलेलं रान तिथून दिसतं, उन्हानं ढेकळं पांढुरकी पडलेली.

"आपल्या रानात?"

हो.

"म्हंजी मातीच हाय की ती." एवढंच म्हणून ती आत गेली. मी सांगितलेल्या सशापेक्षा, पापुद्र्यापेक्षा, विजेच्या नियमापेक्षा हे तिला कुठं तरी जाऊन लागलं असावं. मला नक्की सांगता येत नाही. दुपारी जेवताना तिनं ताटात लिंबाची फोड घेतली, एवढं मी पाहिलं.

मृगाच्या पहिल्या आठवड्यात परत गेलो, लेकरांना घेऊन. सांजच्याला आभाळ आलं. विळा-खुरपी बाहेर गेली. जोडवीही देवळीत गेली. त्यावर मी काही बोललो नाही. माय मधल्या खोलीत जाऊन बसली आणि आम्हीही सगळे तिथंच गेलो, पोत्यांना टेकून. लाइट गेली होती. धाकटा माझ्याजवळ होता, आज्जीपासून दोन हात लांब, मागचं विसरलेला नव्हता. त्याला मी वीज मोजायला शिकवत होतो. चमकली की मोजायला लागायचं, गडगडेपर्यंत. तीन मोजून झाले की एक किलोमीटर. जितके अंक जास्त तितकी वीज लांब. खिडकीची फट पांढरी झाली. तो मोजायला लागला, एक, दोन, तीन, आणि मोजता मोजता बसल्या जागी सरकत सरकत, आज्जीकडं न बघता, तिच्या गुडघ्याला जाऊन टेकला. मायचा हात वर उठला. मी श्वास धरून होतो. हात तसाच जरा वेळ अधांतरी राहिला, आणि मग त्याच्या डोक्यावर आला. पाचपासून ती त्याच्याबरोबर मोजत होती. सात. आठ. नऊ. आवाज अगदी खाली, जपाला बसल्यासारखा. गडगडलं तेव्हा दोघं बारावर होते.

"चार किलोमीटर," धाकटा म्हणाला.

"म्हंजी नदीच्या पल्याड," माय म्हणाली.